ग्रीक अक्षरांची घरं आणि चंद्रावर गेलेला बिल्ला

अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या विद्यापीठाच्या आवारात एक रस्ता हमखास असतो. दुतर्फा मोठी घरं, पुढे उंच खांब, हिरवळ, आणि दारावर मालकाच्या नावाऐवजी दोन किंवा तीन ग्रीक अक्षरं. आत राहते अठरा ते बावीस वर्षांची तरुण मंडळी. मुलांच्या संघटनेला म्हणतात फ्रॅटर्निटी, मुलींच्या संघटनेला सोरॉरिटी, आणि एका कॉलेजातल्या शाखेला चॅप्टर. आपल्याकडे ही दुनिया पोहोचली ती हॉलिवूडच्या चित्रपटांतून, त्यामुळे दंगा आणि दारू एवढंच चित्र डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात या घरांमधून राष्ट्राध्यक्ष निघाले, अंतराळवीर निघाले, न्यायासाठी लढणारे निघाले. एका पुलाचं माप निघालं आणि एक ऑस्करसुद्धा. चला, या घरांत एक फेरफटका मारू.

सुरुवात थेट १७७६ ची

अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं ते साल आणि पहिली ग्रीक अक्षरांची विद्यार्थी संघटना जन्मली ते सालही १७७६ च. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी फाय बीटा कप्पा स्थापन केली. गुप्त हस्तांदोलन, शपथ, बोधवाक्य, सगळा थाट पहिल्या दिवसापासून होता. पुढे या संघटनेने गुपितं सोडली आणि ती गुणवंतांची मानाची संस्था झाली. आज तिचं सदस्यत्व मिळणं म्हणजे अभ्यासात अव्वल असल्याची पावती.

आजच्या धाटणीच्या फ्रॅटर्निटी मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात रुजल्या. १८२५ मध्ये कप्पा अल्फा सोसायटी, १८२७ मध्ये सिग्मा फाय आणि डेल्टा फाय. तिन्ही एकाच कॉलेजातल्या, म्हणून त्यांना ‘युनियन त्रिकूट’ म्हणतात. असंच दुसरं त्रिकूट ओहायोतल्या मायामी विद्यापीठातलं: बीटा थीटा पाय, फाय डेल्टा थीटा आणि सिग्मा काय. हे मायामी फ्लोरिडातलं नव्हे, ऑक्सफर्ड नावाच्या छोट्या गावातलं.

शाखांची बाराखडी

बहुतेक संघटनांच्या नावातली अक्षरं ही एखाद्या ग्रीक बोधवाक्याची आद्याक्षरं असतात आणि ते वाक्य फक्त सदस्यांनाच ठाऊक असतं. शाखांना नावंही ग्रीक वर्णमालेच्या क्रमाने मिळत जातात: पहिली अल्फा, दुसरी बीटा, तिसरी गॅमा. अक्षरं संपली की जोडाक्षरासारखी दोन अक्षरं एकत्र येतात. पण अनेक संघटनांमध्ये ‘ओमेगा’ हे शेवटचं अक्षर कोणत्याच कॉलेजला मिळत नाही. ते दिवंगत सदस्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. सदस्य वारला की तो ‘ओमेगा शाखेत गेला’ असं म्हणतात. कॉलेज चार वर्षांत संपतं, सदस्यत्व संपत नाही, ही या लोकांची श्रद्धा त्या एका रिकाम्या ठेवलेल्या अक्षरात दिसते.

वर्षभराची लगबग

ऑगस्ट-सप्टेंबरात नव्या मुलामुलींची भरती सुरू होते. तिला म्हणतात ‘रश’. अलाबामा विद्यापीठात या आठवड्यात अडीच हजारांच्या आसपास मुली एका घरातून दुसऱ्या घरात भेटी देत फिरतात. २०२१ मध्ये तिथल्या मुलींनी रोजच्या कपड्यांचे छोटे व्हिडिओ टाकले आणि जगभरच्या लोकांनी ते चवीने पाहिले. शेवटच्या दिवशी पाकिटातून निमंत्रण मिळतं, ती ‘बिड’. मग काही आठवडे उमेदवारी. या काळात संघटनेचा इतिहास, संस्थापकांची नावं, नियम सगळं तोंडपाठ करायचं. प्रत्येक नव्या मुलाला एक ‘मोठा भाऊ’ आणि मुलीला ‘मोठी बहीण’ मिळते. मग दीक्षा, आणि छातीवर डाव्या बाजूला, हृदयाजवळ लावायचा बिल्ला.

घरात शिरल्यावर पहिली नजर जाते ती भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमवर. त्या वर्षीच्या सगळ्या सदस्यांचे छोटे लंबगोल फोटो, खाली नाव आणि पद. दर वर्षाची एक फ्रेम. जिन्यावरून वर जाता जाता पन्नास वर्षं मागे जाता येतं: केशरचना बदलतात, टाय रुंद-अरुंद होतात, आणि एखाद्या कोपऱ्यात पुढे सिनेटर झालेला पोरगा केस विस्कटलेल्या अवस्थेत सापडतो. स्वयंपाकघर, सामायिक जेवण, सोमवारची बैठक, खजिनदाराचा हिशेब, साफसफाईची पाळी, सगळं विद्यार्थीच सांभाळतात. वीस वर्षांच्या मुलाला लाखो डॉलरचं घर चालवायला लावणारी शाळा दुसरी कुठली असेल?

बिल्ला नको, हक्क हवा

इंडियानातल्या अॅस्बरी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या डिपॉ विद्यापीठाने, १८६७ मध्ये मुलींना प्रवेश दिला. तिथे शिकणाऱ्या बेटी लॉकला फाय गॅमा डेल्टाच्या एका मित्राने आपला बिल्ला घालशील का म्हणून विचारलं. तिने उलट विचारलं, की मग मला पूर्ण सदस्यत्व आणि तुमची गुपितंही मिळणार का? उत्तर नकारार्थी आलं, तेव्हा तिनेही नकार दिला. मुलांनी तिची समजूत काढायला चांदीची एक नक्षीदार परडी भेट दिली. बेटीने परडी घेतली आणि २७ जानेवारी १८७० रोजी तीन मैत्रिणींसह स्वतःची संघटना काढली: कप्पा अल्फा थीटा, ग्रीक अक्षरांची पहिली महिला संघटना.

त्याआधी १८६७ मध्ये इलिनॉयच्या मॉनमाउथ कॉलेजात बारा मुलींनी आय. सी. सोरोसिस काढली होती. तीच आजची पाय बीटा फाय. या मुली नुसत्या चहापानावर थांबल्या नाहीत. १९१२ मध्ये त्यांच्या संघटनेने टेनेसीच्या डोंगरातल्या गॅटलिनबर्ग या आडवळणाच्या गावात शाळा सुरू केली. मुलांना अक्षरओळख, गावकऱ्यांना आरोग्यसेवा, आणि डोंगरातल्या विणकामाला बाजारपेठ. त्याच रोपट्याचं पुढे ‘अॅरोमाँट’ या नावाजलेल्या हस्तकला शाळेत रूपांतर झालं. ती आजही चालू आहे.

उत्तर ध्रुवापासून चंद्रापर्यंत

१९०९ च्या एप्रिलमध्ये रॉबर्ट पिअरीच्या मोहिमेने उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा केला. तिथे काढलेला फोटो प्रसिद्ध आहे: बर्फाच्या ढिगाऱ्यावर पाच माणसं आणि पाच झेंडे. मधोमध पिअरीचा सहकारी मॅथ्यू हेन्सन, आजूबाजूला चार इनुइट साथीदार. एक झेंडा अमेरिकेचा, एक रेड क्रॉसचा, आणि ऊटा नावाच्या साथीदाराच्या हातात चक्क डेल्टा कप्पा एप्सिलॉन या फ्रॅटर्निटीचा! पिअरी बोडन कॉलेजात तिचा सदस्य होता. कॉलेज सोडून तीसेक वर्षं झाली होती, तरी ध्रुवावर जाताना सामानात आपल्या शाखेचा झेंडा ठेवायला तो विसरला नाही.

साठ वर्षांनी मजल आणखी लांबची झाली. १९६९ च्या जुलैत नील आर्मस्ट्राँग चंद्रावर गेला तेव्हा त्याच्याबरोबर फाय डेल्टा थीटाचा बिल्ला होता. आज तो संघटनेच्या ऑक्सफर्डमधल्या मुख्यालयात ठेवलेला आहे. नौदलातून कोरियन युद्ध लढून आलेला आर्मस्ट्राँग पर्ड्यू विद्यापीठात परतला आणि फ्रॅटर्निटीच्या घरात राहू लागला. मितभाषी म्हणून ओळखल्या गेलेल्या या माणसाने तिथे विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमासाठी दोन संगीतिका लिहिल्या आणि सहदिग्दर्शितही केल्या. एक हिमगौरी आणि सात बुटक्यांवरची, दुसरी ‘लँड ऑफ एगेलॉक’. ‘एगेलॉक’ म्हणजे इंग्रजीत ‘कॉलेज’ची अक्षरं उलटी लावून झालेला देश.

आणखी एक योगायोग. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारा आर्मस्ट्राँग पर्ड्यूचा. डिसेंबर १९७२ मध्ये चंद्रावरून सर्वांत शेवटी परतलेला यूजीन सर्ननही पर्ड्यूचाच, आणि तो फाय गॅमा डेल्टाचा सदस्य. एका विद्यापीठातल्या दोन ग्रीक घरांनी चंद्रावरच्या मानवी पावलांची दोन्ही टोकं सांभाळली.

माणसाने मोजलेला पूल

ऑक्टोबर १९५८. बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमधल्या एमआयटीत लॅम्डा काय अल्फाच्या नव्या उमेदवारांना काम मिळालं: चार्ल्स नदीवरचा हार्वर्ड पूल मोजा. मोजपट्टी कोणती? उमेदवारांपैकी सर्वांत बुटका मुलगा, ऑलिव्हर स्मूट. उंची पाच फूट सात इंच. मित्रांनी त्याला पुलावर आडवं झोपवलं, डोक्यापाशी रंगाची खूण केली, पुन्हा उठवलं, पुढे झोपवलं. काही वेळाने स्मूटला उठवेना, तेव्हा त्याला उचलून पुढे नेऊ लागले. शेवटी आकडा निघाला: ३६४.४ स्मूट, अधिक-उणे एक कान.

गंमत इथे संपायला हवी होती, पण ती वाढतच गेली. शाखेतली नवी मुलं त्या खुणा वेळोवेळी रंगवत राहिली. पोलिसांनाही पुलावरच्या अपघाताची जागा सांगायला त्या सोयीच्या वाटू लागल्या. १९८० च्या दशकात पुलाची पुनर्बांधणी झाली तेव्हा पदपथाच्या फरशा नेहमीच्या सहा फुटांऐवजी एका स्मूटच्या मापाने आखण्यात आल्या. ‘स्मूट’ हे एकक २०११ मध्ये अमेरिकन हेरिटेज शब्दकोशात दाखल झालं. आणि स्वतः ऑलिव्हर स्मूट? तो पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचा अध्यक्ष झाला आणि त्यानंतर जगभरची मानकं ठरवणाऱ्या ‘आयएसओ’चाही. ज्याला मोजपट्टी केलं, तोच पुढे मापांच्या दुनियेचा कारभारी झाला.

दार चोरलं, कबूलही केलं

एमआयटीतलाच आणखी एक किस्सा १९३० च्या दशकातला. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारा रिचर्ड फाइनमन फाय बीटा डेल्टा या ज्यू विद्यार्थ्यांच्या फ्रॅटर्निटीत राहायचा. एका खोलीला दोन दारं होती. कुणीतरी थट्टेत एक दार काढून नेलं. फाइनमनने दुसरं उचललं आणि तळघरात तेलाच्या टाकीमागे लपवलं. पहिलं दार नेणारे लगेच पकडले गेले, दुसरं काही सापडेना. सगळ्यांना विचारणा झाली तेव्हा फाइनमनने सरळ सांगितलं, हो, मीच नेलं. पण कुणाचाच विश्वास बसला नाही! अध्यक्षाने प्रत्येकाला शपथेवर विचारलं, तेव्हाही याने तेच उत्तर दिलं आणि पुन्हा त्यालाच गप्प बसवलं गेलं.

याच घराची दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तिथे दोन तट होते: एक पुस्तकी किड्यांचा, दुसरा नाचगाण्यात रमणाऱ्यांचा. घर फुटायची वेळ आली तेव्हा दोघांनी करार केला. अभ्यासात मागे पडणाऱ्याला हुशार मुलांनी शिकवायचं, आणि प्रत्येक नृत्यसमारंभाला झाडून सगळ्यांनी हजर राहायचं. लाजाळू मुलांना नाचायला, मुलींशी बोलायला, गाडी चालवायला इतरांनी शिकवायचं. फाइनमनने आठवणींत याचं मनापासून कौतुक केलं आहे. चांगल्या चॅप्टरची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही: ज्याला जे येतं, ते त्याने दुसऱ्याला द्यायचं.

व्हाइट हाऊसची ग्रीक यादी

• डेल्टा कप्पा एप्सिलॉनच्या यादीत थिओडोर रूझवेल्ट, जेराल्ड फोर्ड आणि थोरले-धाकटे दोन्ही बुश आहेत. धाकटे बुश येलच्या शाखेचे अध्यक्ष होते.

• रोनाल्ड रेगन युरेका या छोट्या कॉलेजात ताऊ कप्पा एप्सिलॉनचे सदस्य. जेवणाचा खर्च भागावा म्हणून ते फ्रॅटर्निटीच्या घरात भांडी धूत.

• जेम्स गारफील्ड यांना गुप्ततेचंच वावडं होतं. विल्यम्स कॉलेजात ते गुप्त संघटनांविरुद्ध उभ्या राहिलेल्या गटात होते. त्याच परंपरेतून आजची डेल्टा अप्सिलॉन आली.

• २००४ च्या निवडणुकीत समोरासमोर उभे असलेले जॉर्ज बुश आणि जॉन केरी दोघेही येलच्या ‘स्कल अँड बोन्स’ या गुप्त मंडळाचे सदस्य होते. कोण जिंकणार हे ठरायचं होतं, पण मंडळाचा माणूस निवडून येणार हे आधीच नक्की होतं!

• ग्रेस कूलिज व्हरमाँट विद्यापीठात पाय बीटा फाय शाखेच्या संस्थापक सदस्य. त्या अमेरिकेच्या प्रथम महिला झाल्यावर १९२४ मध्ये संघटनेने त्यांचं तैलचित्र व्हाइट हाऊसला भेट दिलं: लाल पोशाख, शेजारी रॉब रॉय हा पांढरा कुत्रा.

एका छताखालून कंपनीकडे

२०११ मध्ये आलेल्या स्नॅपचॅटचे जनक इव्हान स्पीगल आणि बॉबी मर्फी स्टॅनफर्डमध्ये कप्पा सिग्मा या एकाच फ्रॅटर्निटीत होते. इन्स्टाग्रामचा केव्हिन सिस्ट्रॉमही स्टॅनफर्डचाच, पण सिग्मा नूचा. मार्क झकरबर्ग हार्वर्डमध्ये अल्फा एप्सिलॉन पायचा. वॉलमार्टचे सॅम वॉल्टन मिसुरी विद्यापीठात बीटा थीटा पायचे, तर वॉरन बफे पेनसिल्व्हेनियात अल्फा सिग्मा फायचे. आणि कप्पा सिग्माच्याच जुन्या यादीत एक नाव आहे एडविन हबल. ज्याच्या नावाची दुर्बीण अंतराळातून दूरच्या आकाशगंगा दाखवते, तोच हा हबल.

लेखक-कलावंतही कमी नाहीत. ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ लिहिणारी हार्पर ली अलाबामात काय ओमेगाची सदस्य होती. चित्रकार जॉर्जिया ओकीफ कप्पा डेल्टाची. ब्रॅड पिट आणि जॉन वेन दोघेही सिग्मा कायचे. याच संघटनेवर अॅल्बियन कॉलेजच्या दोन विद्यार्थ्यांनी १९११ मध्ये रचलेलं ‘स्वीटहार्ट ऑफ सिग्मा काय’ हे गाणं पुढे देशभर गाजलं.

दिव्य नऊ

गोऱ्यांच्या घरांची दारं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होती. तेव्हा त्यांनी स्वतःची घरं उभारली आणि ती जास्त टिकाऊ निघाली. ४ डिसेंबर १९०६ रोजी कॉर्नेल विद्यापीठात सात विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली. आजही त्या सातांना ‘सात रत्नं’ म्हणतात. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा आली, कृष्णवर्णीय स्त्रियांची पहिली ग्रीक संघटना. अशा नऊ संघटना मिळून ‘दिव्य नऊ’ म्हणून ओळखल्या जातात.

डेल्टा सिग्मा थीटाचा जन्म जानेवारी १९१३ चा. बावीस संस्थापक मुली. संघटना जेमतेम दोन महिन्यांची असताना, ३ मार्च रोजी, त्या वॉशिंग्टनच्या रस्त्यावर स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात उतरल्या. पहिलं सार्वजनिक काम हे!

मार्टिन लूथर किंग १९५२ मध्ये बॉस्टनला शिकत असताना अल्फा फाय अल्फाचे सदस्य झाले. त्यांच्या हत्येनंतर सोळा वर्षांनी, १९८४ मध्ये, राजधानीत त्यांचं स्मारक हवं अशी मागणी याच बांधवांनी पुढे नेली. १९९६ मध्ये काँग्रेसची परवानगी मिळाली, मग निधी, जागा, आराखडा, आणि २०११ मध्ये तीस फुटी पुतळ्यासह स्मारक उभं राहिलं. खर्च सुमारे बारा कोटी डॉलर. एका कॉलेज संघटनेने सत्तावीस वर्षं धरून ठेवलेला हट्ट आज वॉशिंग्टनला जाणारा प्रत्येक पर्यटक पाहतो.

या संघटनांत पदवीनंतरच्या शाखाही तितक्याच जोमाने चालतात. कमला हॅरिस १९८६ मध्ये हॉवर्डला अल्फा कप्पा अल्फात आल्या. २०२१ मध्ये उपाध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांच्या गळ्यात मोती होते, आणि मोती हे त्या संघटनेचं चिन्ह. हीच संघटना अंतराळातही गेली: १९९२ मध्ये अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री मे जेमिसन हिने तिचा फलक सोबत नेला होता.

एका शाखेचा ठाम निर्णय

१९४८ मध्ये अॅमहर्स्ट कॉलेजातल्या फाय कप्पा साय शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला सदस्य करून घ्यायचं ठरवलं. राष्ट्रीय संघटनेने विरोध केला आणि शाखेवर कारवाई केली. मुलं मागे हटली नाहीत. त्यांनी मोठ्या संघटनेशी नातं तोडलं, मित्राला आत घेतलं आणि फाय अल्फा साय या नावाने स्वतंत्रपणे घर चालवलं. त्या काळात देशभरच्या अनेक संघटनांच्या नियमांत वर्ण आणि धर्माच्या अटी लेखी होत्या. त्या पुढे गळून पडल्या, त्यामागे अशा वीस-एकवीस वर्षांच्या पोरांची हिंमत आहे.

११४वा रस्ता आणि आपली माणसं

१९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. तिथे ते काही काळ कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले. पत्ता: ५५४, पश्चिम ११४वा रस्ता. देशोदेशीचे विद्यार्थी एकत्र राहण्यासाठी त्या काळी अमेरिकी विद्यापीठांत असे क्लब निघाले होते, आणि सर्व राष्ट्रांच्या वर मानवता, हे त्यांचं ब्रीद होतं. नंतर बाबासाहेब आपले पारशी मित्र नवल भथेना यांच्यासोबत लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहायला गेले. कोलंबियाच्या फ्रॅटर्निटींची घरं आजही त्याच ११४व्या रस्त्यावर आहेत. न्यूयॉर्कला गेलात तर हा रस्ता जरूर चालून या.

भारतीय वंशाच्या मुलांनी स्वतःची ग्रीक अक्षरं लावली ती १९९० च्या दशकात. १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला आयोटा नू डेल्टा, १९९८ मध्ये टेक्सासच्या ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय. त्याच वर्षी ऑस्टिनलाच कप्पा फाय गॅमा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा या मुलींच्या संघटना. १९९९ मध्ये लॉस एंजलिसला बीटा काय थीटा. घरी दिवाळी आणि बाहेर हॅलोवीन अशा वातावरणात वाढलेल्या पिढीला दोन्ही आपलं म्हणता येईल अशी जागा हवी होती. ती त्यांनी स्वतः तयार केली.

४६ तास उभे

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात दर फेब्रुवारीत ‘थॉन’ होतो. शेकडो विद्यार्थी ४६ तास नाचतात. बसायचं नाही, झोपायचं नाही. १९७३ मध्ये फ्रॅटर्निटींच्या मंडळाने हा उपक्रम सुरू केला. १९७७ पासून त्याचा पैसा कर्करोगग्रस्त मुलांच्या उपचारांसाठी ‘फोर डायमंड्स’ निधीला जातो. हे नाव चौदाव्या वर्षी कर्करोगाने गेलेल्या एका मुलाने लिहिलेल्या गोष्टीतलं: धैर्य, शहाणपण, प्रामाणिकपणा आणि बळ हे ते चार हिरे. आता यात सगळ्या विद्यापीठातली मुलं असतात, आणि एकट्या २०२३ च्या कार्यक्रमात दीड कोटी डॉलरहून अधिक निधी जमला. मध्यरात्री पाय सुजलेल्या मुलांना जागं ठेवायला बऱ्या होत चाललेल्या बालरुग्णांची कुटुंबं मैदानात येतात. मग कोण बसेल?

• पाय कप्पा फायची मुलं दर उन्हाळ्यात सायकलवरून अख्खा अमेरिका खंड ओलांडतात, पश्चिम किनाऱ्यापासून वॉशिंग्टनपर्यंत. निधी जमतो अपंगांसाठी, आणि वाटेतल्या गावांत ते त्यांच्याबरोबर वेळ घालवतात.

• बेसबॉलपटू लू गेरिग कोलंबियात फाय डेल्टा थीटाचा सदस्य होता. तो ज्या आजाराने गेला त्या एएलएसविरुद्धच्या कामाला त्याची संघटना मदत करते, आणि १९५५ पासून दरवर्षी एका गुणी खेळाडूला त्याच्या नावाचा पुरस्कार देते.

• अभिनेता पॉल न्यूमन फाय कप्पा ताऊचा. गंभीर आजारी मुलांसाठी त्याने सुरू केलेल्या शिबिरांना त्याचे बांधव आजही हातभार लावतात.

सायकल, ऑस्कर आणि टोगा

इंडियाना विद्यापीठात १९५१ पासून ‘लिटल ५००’ ही सायकल शर्यत होते. ३३ संघ, प्रत्येकात चार जण, सगळ्यांची सायकल एकसारखी, पाव मैलाच्या धावपट्टीवर २०० फेऱ्या. बहुतेक संघ ग्रीक घरांचे. १९६२ च्या विजेत्या फाय कप्पा साय संघात स्टीव्ह टेसिक नावाचा मुलगा होता. त्याने पुढे याच शर्यतीवर ‘ब्रेकिंग अवे’ ची पटकथा लिहिली आणि १९७९ च्या त्या चित्रपटासाठी ऑस्कर मिळवलं.

१९७८ चा ‘अॅनिमल हाऊस’ मात्र फ्रॅटर्निटीची दंगेखोर प्रतिमा पक्की करून गेला. लेखकांपैकी ख्रिस मिलर डार्टमथच्या अल्फा डेल्टाचा, चित्रीकरण ओरेगन विद्यापीठात, खर्च सुमारे तीस लाख डॉलर आणि कमाई चौदा कोटींच्या वर. अंगाला चादर गुंडाळून रोमन बनायची ‘टोगा पार्टी’ यानंतर देशभर पसरली.

माजी सदस्यांची खबरबात

बीटा थीटा पायचं मासिक १८७२ पासून निघतं, फाय डेल्टा थीटाचं ‘स्क्रोल’ १८७५ पासून. लग्नं, बाळं, नवी नोकरी, निवडणुकीतला विजय आणि निधनवार्ता, सगळं एका ठिकाणी. सर्वांत आधी वाचली जातात ती शेवटची पानं: कोणत्या वर्षीचा कोण सध्या कुठे आहे. विल्यम रेमंड बेअर्डने १८७९ मध्ये या संघटनांची जंत्रीच छापली. तिच्या आवृत्त्या १९९१ पर्यंत निघाल्या. आज अमेरिकी विद्यार्थिजीवनाचा इतिहास लिहिणाऱ्यांना तिच्यावाचून पुढे जाता येत नाही.

जी गोष्ट लपवू नये

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजू सांगणं कर्तव्य आहे. नव्या सदस्यांचा छळ, म्हणजे आपल्या भाषेत रॅगिंग, ही या घरांची जुनी जखम आहे. १८७३ मध्ये कॉर्नेलला दीक्षाविधीच्या रात्री एक विद्यार्थी दरीत पडून दगावला, आणि त्यानंतर बळी जातच राहिले. बहुतेक घटनांत कारण एकच: जबरदस्तीने पाजलेली दारू आणि मदत बोलवायला झालेला उशीर. बोडन, विल्यम्स, मिडलबरी यांसारख्या कॉलेजांनी फ्रॅटर्निटी बंदच करून टाकल्या. महाराष्ट्राने रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ मध्ये केला. अमेरिकेत कॉलेजांना अशा घटना जाहीर करायला लावणारा संघराज्याचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये झाला. या छळाला परंपरा म्हणू नये. स्मूटला पुलावर झोपवलं ती गंमत होती, कारण तोही हसत होता आणि सुखरूप घरी आला. भावाचा जीव धोक्यात घालणाऱ्याला बांधव म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.

दरवर्षी महाराष्ट्रातून कितीतरी मुलंमुली अमेरिकेत शिकायला जातात, आणि तिथे जन्मलेली मराठी मुलं तर आता कॉलेजच्या उंबरठ्यावर आहेत. एखाद्या ग्रीक घराचं निमंत्रण आलं तर संकोचू नका आणि भाळूनही जाऊ नका. दोन प्रश्न तोंडावर विचारा: गेल्या वर्षी तुमच्या शाखेने बाहेरच्यांसाठी काय केलं? आणि नव्या मुलाला आत यायला काय करावं लागतं? दोन्ही उत्तरं सगळ्यांसमोर, न अडखळता मिळाली, तर खुशाल बिल्ला लावा. दुसऱ्या प्रश्नावर कुणी नजर चुकवली, तर तिथून तडक निघा.

आणि आपल्याकडच्या माजी विद्यार्थी संघांनाही एक विनंती. वर्षातून एक स्नेहभोजन आणि एक ग्रुप फोटो यावर थांबू नका. कॉलेजातल्या एखाद्या गरजू मुलाची फी भरा, आपल्या बॅचची खबरबात छापून ठेवा, जे काम हाती घ्याल ते पिढ्यान्‌पिढ्या चालवा. किंग यांचं स्मारक उभारणाऱ्या बांधवांनी सत्तावीस वर्षं दिली. आपण पाच वर्षांपासून सुरुवात करू.